तक्रार क्रमांक एकशे सहा

मॅनिटोबात आमचं गाव परातीसारखं सपाट.
पाण्याला इथं कुठं जायचं ते कळत नाही,
म्हणून पालिकेनं मला नेमलंय.

एप्रिलचा तिसरा आठवडा. छपरांवरून उतरतोय बर्फ,
काळा, चिवट, पाच महिन्यांची कुत्र्यांची घाण पोटात घेऊन.
गाडीत माझ्या पातळी मोजायचा दांडा, गमबूट, नारिंगी निशाणं,
आणि नियमावली, जिची पानं ओली होऊन
एकमेकांना चिकटलीत.

नियम तसे साधे.
घरापासून जमीन उतरती हवी,
पहिल्या दोन मीटरांत वीस सेंटिमीटर.
छताच्या नळाचं तोंड शेजाऱ्याकडं नको.
तळघरातल्या पंपाचं पाणी आपल्याच गवतावर सोडावं,
मैल्याच्या गटारात कधीच नाही,
आणि मे उजाडेपर्यंत रस्त्यावरही नाही,
कारण रात्रीतून त्याची काच होते
आणि सकाळी पोस्टमन पडतो.
दोन घरांमधला चर दोघांचा.
तो कुणीही बुजवू नये.

बुजवतात.

स्प्रूस रस्ता, घर एकतीस.
तक्रारदार जोएल फ्रीसेन, राहायला येऊन वर्ष नाही झालं.
तळघरात पोटरीइतकं पाणी,
त्यावर तरंगणारं पाळण्याचं खोकं, अजून न उघडलेलं.
घर तेहतीस: ओस्टाप ह्रिनचुक, वय एक्क्याऐंशी,
दारात उभा, कानटोपी न काढता.
दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात.
अगदी खरोखर: मधल्या डबक्यात दोन चेहरे,
दोन्ही उलटे.

मी दांडा रोवला. जिथं चर हवा तिथं उंचवटा,
मीटरभर रुंद, चोपून भरलेला, वर बारीक खडी.
कधी भरलात?
सात वर्षं झाली.
परवानगी?
म्हातारा बराच वेळ खडीकडं बघत राहिला. मग म्हणाला,
स्टेफकाच्या खुर्चीची चाकं चरात रुतायची.
पलीकडं तेव्हा योहाना होती. रोज चारला दोघी पत्ते खेळायच्या.
स्टेफका लबाडी करायची, योहाना करू द्यायची.
अर्धी माती योहानाच्या नवऱ्यानंच ओढली.

ती दोघं गेली कॅल्गरीला, मुलीकडं.
स्टेफका गेली त्याच्या आदल्या शरदात.
उरली ही वाट, या स्वयंपाकघरातून त्या स्वयंपाकघरात जाणारी,
आणि तिच्यामागं अडून बसलेलं पाणी.

अर्जात चाकांच्या खुर्चीचा रकाना नाही.
‘इतर’ म्हणून एक आहे.
मी लिहिलं: भराव. मालकास मान्य. मुदत तीस दिवस.
निशाणं रोवली आणि निघालो.
फ्रीसेन त्याच्या पायरीवर उभा होता, बूट हातात.
त्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही.

विसाव्या दिवशी टेबलावर अर्ज.
भरावाखालून नळ टाकण्यास परवानगी मिळावी.
खाली दोन सह्या, एक ऐसपैस, एक थरथरती.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
पाळणागाडी.

मी तपासायला गेलो. वाट जागच्या जागी.
खालून पत्र्याचा नळ, नवा कोरा.
कडेला दोन फावडी, एकाच थर्मासमधली कॉफी.
मी दांडा लावला.
नळाचं खालचं तोंड चार सेंटिमीटर वर.
पाणी साचेल, जूनमध्ये डास होतील.
मी ‘नापास’ लिहिलं.

चारच सेंटिमीटर! फ्रीसेन म्हणाला.
ह्रिनचुक युक्रेनियनमध्ये बरंच काही म्हणाला,
आणि त्यातलं एक अक्षर न कळता
फ्रीसेननं जोरजोरात मान हलवली.

पुन्हा खणलं त्यांनी, पुन्हा बसवलं. पास झाले.
आता दोघं मिळून
मला पाण्यात पाहतात.

रात्री घरी आलो, पाऊस सुरू होता.
आमच्या छताच्या नळाचं कोपर थंडीत निखळून पडलंय,
धार सरळ शेजारच्या लसणाच्या वाफ्यात.
शेजारीण खिडकीत उभी, हातात फोन.
मी हात हलवला.
तिनं नाही हलवला.